नाव कोणाचे लिहावे?

1995 साली परभणी येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे 68 वे अधिवेशन भरले आणि त्याचे अध्यक्षपद कवी नारायण सुर्वे यांनी भूषविले. आम्ही त्या वेळी गुरुविद्यालयात शिकत होतो आणि संमेलनाचे वृत्त शिळ्या वर्तमानपत्रांतून वाचीत होतो. पुढे याच जिल्ह्यात आपल्याला सेवेसाठी यावे लागेल, हे तेव्हा स्वप्नातही नव्हते. त्या वृत्तांतातील भाषणे आता आठवत नाहीत. एक गोष्ट मात्र मनात घर करून राहिली. ज्या बालकाला जन्मतः नाव नव्हते, त्याला मराठी सारस्वताने आपल्या सर्वांत मानाच्या खुर्चीवर बसविले, आणि तेही संत जनाबाईच्या जिल्ह्यात.

सुर्वे यांच्या कवितेकडे पुन्हा वळण्यास कारण झाले ते मात्र आमचेच एक लेखन. लेखन म्हणणे धाडसाचे होईल. तो धर्मग्रामाचा वार्षिक अहवाल होता. परभणीच्या जुन्या गावात, बाजाराच्या मागील अंगास, कचरा व भंगार वेचून पोट भरणाऱ्या कुटुंबांची एक वस्ती आहे. आमच्या धर्मग्रामातील काही तरुण-तरुणी गेली काही वर्षे रविवारची मिस्सा आटोपून तेथे जातात. मुलांचा अभ्यास घेतात, शाळेच्या प्रवेशाचे अर्ज भरून देतात, आजारी माणसाला दवाखान्यात नेतात. परभणीत कॅथलिक कुटुंबे थोडी, त्यामुळे स्वयंसेवकही थोडेच. पण त्यांनी काम टिकविले आहे. अहवालात आम्ही त्यांचा मनापासून गौरव केला. देणगीदारांची नावे दिली, स्वयंसेवकांची दिली, वह्या वाटपाला आलेल्या पाहुण्यांचीही दिली. अहवाल छापून आला, तेव्हा त्यांच्यापैकीच एका मुलीने तो चाळला आणि सहज विचारले, ‘फादर, यात आमची सगळ्यांची नावं आहेत. वस्तीतल्या एकाही बाईचं नाव नाही का?’ आम्ही अहवाल पुन्हा वाचला. वस्तीतील माणसे त्यात तीन शब्दांत आली होती : ‘गरजू’, ‘लाभार्थी’ आणि ‘इत्यादी’.

साहित्याचा अभ्यासक म्हणून आम्हांस तो अहवाल नापास करावासा वाटला, आणि तो नापास का, हे समजून घेण्यासाठी आम्ही सुर्व्यांची ‘मास्तर, तुमचंच नाव लिवा’ ही कविता पुन्हा काढली.

अनेकांनी ही कविता स्वतः कवीच्या तोंडून ऐकली असेल. आपला देह विकून जगणारी एक आई मुलाला घेऊन शाळेत येते. प्रवेशाच्या अर्जात बापाचे नाव लिहावयाचे आहे, आणि त्या रकान्यापाशी ती मास्तरांना जे सांगते, ते शीर्षकातच आले आहे. ‘लिवा’ हा शब्दच पाहावा. ‘लिहा’ असे शुद्ध रूप कवीने तिच्या ओठी घातले असते, तर ती विनंती झाली असती. ‘लिवा’ म्हणताच तो हक्क होतो. प्रमाण भाषेच्या उंबरठ्यावर उभी राहून ती आपली बोली सोडत नाही. मास्तरांनीच तिची बोली समजून घ्यावी, अशी तिची अपेक्षा आहे.

या कवितेचे जे वाचन सर्वत्र रूढ आहे, ते आम्हांस अपुरे वाटते. सभासंमेलनांत ती म्हटली जाते, तेव्हा श्रोत्यांचे डोळे पाणावतात आणि सहानुभूती मास्तरांकडे वळते. किती सज्जन मास्तर, किती नाजूक प्रसंग! वर्गात शिकवतानाही ‘कवीची करुणा’ हेच उत्तर अपेक्षित असते. परंतु या कवितेत बोलते कोण? आमच्या वाचनात मास्तरांपेक्षा तीच बोलते. मास्तरांच्या वाट्याला ऐकणे आले आहे. ज्याच्या हाती लेखणी आहे तो गप्प आणि जिच्या हाती काही नाही ती बोलते आहे, अशी ही उलटी मांडणी आहे. करुणेचे काव्य असे उलटे नसते. तेथे देणारा बोलतो आणि घेणारा हात जोडून उभा असतो; आमच्या अहवालात होता तसा.

दुसरी गोष्ट अशी, की ही बाई वह्या मागत नाही, फी माफ करा म्हणत नाही. ती नाव मागते. वही देऊन मास्तर संध्याकाळी आपल्या घरी निर्धास्त जाऊ शकतात. नाव दिले, की ते मूल आयुष्यभर पाठीशी येते, शेजारी विचारू लागतात, घरात प्रश्न निघतात. देणाऱ्याला काहीच मोजावे लागत नाही ती मदत आणि देणाऱ्याचे घर बदलते ती मदत, यांतील अंतर सुर्व्यांनी एका सरकारी छापील अर्जाच्या रकान्यात पकडले आहे. स्वयंसेवेवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यातले बरेचसे चांगलेही आहे. पण एवढ्या नेमक्या जागी बोट ठेवणारे आमच्या वाचनात थोडेच आले.

कवीला ही जागा सापडली कशी? येथे चरित्राकडे पाहिल्यावाचून इलाज नाही, जरी आमच्या पिढीला शिकविले गेले, की कवितेचा अर्थ कवितेतच शोधावा. सुर्वे यांचा जन्म 1926 सालचा. मुंबईच्या गिरणगावात टाकून दिलेले एक अर्भक गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराला सापडले. त्याने ते उचलून घरी आणले, पत्नी काशीबाईच्या ओटीत घातले आणि पुढे आपले नाव दिले. नारायण गंगाराम सुर्वे हे नाव असे घडले आहे. पुढे या मुलाने घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणीतला कामगार अशी मिळतील ती कामे केली. मुंबई महापालिकेच्या शाळेत तो आधी शिपाई होता, नंतर शिक्षक झाला. म्हणजे प्रवेश-अर्जाच्या त्या मेजाच्या दोन्ही बाजू कवीने पाहिल्या होत्या. तो ते बिननावाचे मूलही होता आणि तो मास्तरही होता. त्या आईला मास्तर काय उत्तर देतील, याची चिंता आपण वाचक करीत बसतो. कवीच्या आयुष्यात ते उत्तर कविता लिहिण्याच्या कितीतरी आधी एका गिरणी कामगाराने देऊन टाकले होते.

गंगाराम सुर्वे कोणत्या संस्थेचा सभासद नव्हता म्हणून हे सांगावेसे वाटते असे नाही. संस्था हव्यातच. त्याची खोली गिरणगावातच होती आणि शेजारधर्म हा त्याला वेगळा काढून दाखविण्याचा गुण वाटत नसावा, एवढेच लक्षात घ्यावे. शहराच्या पोटातील वस्त्यांत एकमेकांना धरून राहण्याचे हे काम बाहेरून जाणाऱ्या आम्हा मंडळींच्या पुष्कळ आधीपासून चालू आहे. अहवालात ते येत नाही, कारण अहवाल लिहिणारा तेथे राहत नाही.

आता एक आक्षेप. नावाचे एवढे माहात्म्य सांगणाऱ्या या कवितेच्या शीर्षकात ‘मास्तर’ आहेत, ‘नाव’ आहे. त्या बाईचे नाव मात्र नाही. हा कवितेचा उणेपणा म्हणावा काय? आम्ही प्रथम तसे म्हणणार होतो. नंतर वस्तीतल्या बायकांशी बोलणे झाले, तेव्हा लक्षात आले, की नाव लिहून घेणे आणि नाव छापून टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या स्वयंसेविकेच्या प्रश्नाने आम्ही इतके खजील झालो होतो, की पुढच्या अहवालात सगळ्यांची नावे आणि छायाचित्रे देण्याचा निश्चय करून बसलो होतो. एका बाईने तो निश्चय तेथेच मोडला. तिच्या माहेरी ती कचरा वेचते हे ठाऊक नव्हते. नाव सांगावे की झाकावे हे जिचे नाव आहे तिने ठरवावयाचे असते. आम्ही ते न विचारता गाळले तेव्हाही चुकलो आणि न विचारता छापणार होतो तेव्हाही चुकतच होतो.

येथे जनाबाईकडे यावे लागते. परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, गोदावरीच्या काठी गंगाखेड आहे. जनाबाई मूळची तेथली, दमा व करुंड या दांपत्याची लेक, असे परंपरा सांगते. लहानपणीच ती पंढरपुरास दामाशेटींच्या घरी, म्हणजे नामदेवांच्या वडिलांकडे, कामाला राहिली आणि आयुष्यभर दासी म्हणूनच राहिली. तिच्या नावावरील सुमारे साडेतीनशे अभंगांत तिची नाममुद्रा ‘नामयाची जनी’, ‘दासी जनी’ अशी येते. स्वतःच्या नावाआधी मालकाचे नाव घालणारी ही सही काही टीकाकारांना दैन्याची वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या घरात सगळी माणसे अभंग रचीत होती, तेथे मोलकरणीनेही सही केली, हीच मोठी गोष्ट आहे.

जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल काय करतो, हे आपल्या सेवाकार्याच्या दृष्टीने फार पाहण्यासारखे आहे. तो तिच्याबरोबर दळतो, कांडतो, झाडलोट करतो, पाणी भरतो, शेण्या वेचू लागतो, तिची वेणी घालतो. तिला दासीपणातून सोडवून तो राजवाड्यात नेत नाही. उपदेशही करीत नाही. काम तिचे आहे, वेळ तिची आहे, जाते तिचे आहे. तो फक्त दुसऱ्या बाजूने खुंट्याला हात लावतो. पहाटे दळायला बसणाऱ्या बाईच्या मदतीला जावयाचे तर पहाटेच उठावे लागते, हे देवाने निमूटपणे मान्य केले आहे. आपल्या प्रभूने अखेरच्या रात्री कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले, तो प्रसंग दर पवित्र गुरुवारी आपण वेदीसमोर पाहतो. ते पाय धुण्याचे काम त्या काळी घरच्या चाकराचे होते. गंगाखेडच्या दासीच्या कल्पनेतील देव आणि तो प्रसंग यांत आम्ही ओढून-ताणून साम्य दाखवू इच्छीत नाही. दोन्ही आपापल्या जागी आहेत. पण ज्याने जनाबाई वाचली आहे, त्याला तो गुरुवार अधिक कळतो, हा आमचा अनुभव आहे.

समीक्षक म्हणून आणखी एक गोष्ट नोंदवितो. विठ्ठलाने दळण दळले, ही बातमी आपल्याला कळली ती कोणाकडून? जनीकडून. सेवा देवाने केली आणि तिचा अहवाल जिची सेवा झाली तिने लिहिला. म्हणून तो सातशे वर्षे टिकला. तोच अहवाल देवळाच्या पुजाऱ्याने लिहिला असता, तर ‘इत्यादी’ शब्दाखाली जनी कधीच पुसून गेली असती.

बाहेरची उदाहरणे पाहावयाची तर फ्रेडरिक ओझानाम यांचे स्मरण होते. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या धर्मग्रामात संत विन्सेंट डी पॉल सोसायटी आहे. तिचे हे मूळ संस्थापक. 1833 साली पॅरिसमध्ये हे काम सुरू झाले, तेव्हा ते वीस वर्षांचे विद्यार्थी होते. पुढे ते सॉर्बोन विद्यापीठात परकीय साहित्याचे प्राध्यापक झाले आणि दान्तेचे मोठे अभ्यासक म्हणून ओळखले गेले. साहित्याचा माणूस गरिबांच्या वस्तीत कशाला, असे विचारणाऱ्यांना हे एक उत्तर आहे. परंतु मुफ्तार भागातील गल्ल्यांत कोणाच्या घरी जावे, कसे जावे, हे त्या विद्यार्थ्यांना शिकविले ते रोझाली रांदू या धर्मभगिनीने. ती वर्षानुवर्षे त्याच वस्तीत राबत होती. प्राध्यापकांची कीर्ती अगोदर झाली. रोझालीला धन्यवादित म्हणून घोषित व्हायला 2003 साल उजाडले. ओझानाम त्याआधी 1997 मध्येच झाले होते. तेथेही नावे याच क्रमाने लिहिली गेली!

आपल्याकडे अलीकडच्या काळात नावाचा प्रश्न नुसता कवितेत राहिला नाही, हे समाधानाचे आहे. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. तिच्यामागे एस. एन. डी. टी. विद्यापीठातील कार्यकर्त्यांची साक्षरतेच्या वर्गापासून सुरू झालेली धडपड होती. पुण्याच्या कचरावेचकांत बहुसंख्य दलित स्त्रिया, आणि त्यांतल्या कितीतरी कुटुंबांनी 1972 च्या दुष्काळात आपला मराठवाडा सोडला होता. कचराकुंडीपाशी पहाटे दिसणारी बाई पोलिसाला चोर वाटे. संघटनेने तिला आधी काय मिळवून दिले असेल? छायाचित्र असलेले ओळखपत्र. पुणे महापालिकेने त्या ओळखपत्रांना मान्यता दिली. धान्य नव्हे, कपडे नव्हेत; तिचे नाव आणि तिचा धंदा लिहिलेला एक पुठ्ठा. सुर्व्यांची कविता ज्यांनी नीट वाचली आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

मुंबईच्या कामाठीपुऱ्यात ‘प्रेरणा’ या संस्थेने 1988 साली मुलांसाठी रात्रीचे निवाराकेंद्र सुरू केले. दिवसाची बालवाडी कोणीही काढील. या मुलांच्या आया रात्री कामावर असतात, खोली एकच, आणि मूल त्याच खोलीत खाटेखाली किंवा बाहेर गल्लीत. म्हणून केंद्र रात्री उघडले पाहिजे, हे त्या आयांचे म्हणणे ज्याने ऐकले त्यालाच सुचणार. जनीच्या जात्यापाशी पहाटे येण्यासारखेच हे आहे.

कायदाही हळूहळू त्या रकान्यापर्यंत पोहोचला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना निवासाचा पुरावा न मागता आधार ओळखपत्र देण्याचे मार्ग खुले केले. महाराष्ट्र शासनाने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे, मग वडिलांचे नाव लिहावे असे ठरविले. सुर्वे 2010 साली गेले. मास्तरांनी कोणाचे नाव लिहावे, या प्रश्नाला ‘तुझेच लिहितो, बाई’ असे उत्तर शासनाच्या निर्णयात येईल, असे त्यांना तरी वाटले असेल काय? अर्थात निर्णय कागदावर आहे. आमच्या स्वयंसेवकांना अजूनही जून महिन्यात एकेका मुलासाठी चार-चार हेलपाटे घालावे लागतात.

आपल्या घरातही डोकावून पाहू. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत 1983 च्या कॅनन लॉमधील 877 वे कलम असे सांगते, की अविवाहित मातेच्या बालकाची नोंद करताना मातृत्व सर्वज्ञात असेल किंवा तिने स्वेच्छेने लेखी अथवा दोन साक्षीदारांसमक्ष मागितले असेल तर तिचे नाव लिहावे. पित्याचे मात्र कागदोपत्री किंवा त्याच्या स्वतःच्या कबुलीने सिद्ध झाले तरच. एरवी केवळ बालकाचे नाव. मात्र धर्मपित्याचा व धर्ममातेचा रकाना प्रत्येक नोंदीत असतो. तेथे सही करणारे आपण बहुतेक वेळा सोन्याची साखळी आणि जेवणाचा बेत यांवरच अडून राहतो. त्या सहीचा अर्थ गंगाराम सुर्वे यांना, धर्मशास्त्र न शिकता, ठाऊक होता. परभणीच्या वस्तीतील मुले आपल्या नोंदवहीत नाहीत, आणि ती यावीत म्हणून आपण तेथे जात नाही, हेही येथेच स्पष्ट केलेले बरे. कारण तसा प्रश्न आम्हांस विचारला गेला आहे, बाहेरूनही आणि आतूनही.

यंदाचा अहवाल आम्ही लिहिला नाही. स्वयंसेवकांना वही दिली आणि सांगितले, की वस्तीतील बायकांना विचारा, त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरून आणा, नाव घालावे की नाही तेही त्यांनाच विचारा. आम्हांस वाटले होते, वह्या-पुस्तकांबद्दल, दवाखान्याबद्दल चार बरे शब्द येतील. काही आलेही. पण सर्वांत आधी ज्या बाईने सांगितले, तिचे शब्द असे उतरले आहेत : ‘लिवा की, तुमचे पोरं येतेत रविवारी अकराला. आन् आमी तर पाचलाच भायेर पडतो. मंग कोणाला भेटून जातेत?’ नाव घालू का, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘घाला की. खरं हाये ते.’

तिचे नाव अहवालात पहिल्या पानावर आहे. येथे देत नाही, कारण या त्रैमासिकासाठी तिला विचारलेले नाही. स्वयंसेवकांच्या बैठकीत वेळ बदलण्याचे ठरले. रविवारऐवजी बुधवारी, पहाटे साडेचार वाजता. पहिल्या बुधवारी दोघे आले.